बुवांच्या पिक्चरमधले सोनाजी

माझी सासू बानाबाई पिक्चरच्या नावानं बोटं मोडायची. गावात तंबूतला सिनेमा आला की तंबूकडं पाठ करून भाकरी थापायची, अन् शेजारची एखादी बघून आली की तिला चार दिवस टोमणे मारायची. असली ही बाई उतारवयात दर रविवारी शहागंजातल्या वाचनालयात जाऊन गाणाऱ्या बुवांचा पिक्चर बघायला लागली. तिला न्यायचं-आणायचं लचांड कुणाच्या गळ्यात? माझ्या. म्हणून ही गोष्ट मीच सांगणार. कडूबाला विचारू नका. कडूबा म्हणजे माझा नवरा, तिचा एकुलता एक लेक. तो अर्धं सांगतो अन् अर्धं गिळतो.

आम्ही पैठण रोडवरच्या चितेगावचे. जातीनं धनगर. माझे आजेसासरे भिकनबाबा जिते होते तोवर दारात मेंढरं होती. ते गेले, मेंढरं विकली, अन् चराईच्या माळावर कंपनीची भिंत उभी राहिली. कडूबा वाळूजला कामाला लागला. शिफ्टच्या बसनं जायचा, बसनं यायचा, रविवारीसुद्धा ओव्हरटाइम घ्यायचा. घरात मी, माझी दोन लेकरं अन् आत्याबाई. सासूला आमच्यात आत्याबाईच म्हणतेत.

आत्याबाई कामाला वाघीण अन् बोलायला कंजूष. दिवसभरात तिचे शब्द मोजले तर मूठभर भरायचे नाहीत, अन् त्यातले निम्मे मला शिव्या. भाकर जाड झाली, गोठा नीट लोटला नाही, लेकरं डोक्यावर चढवली. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं, तेव्हा मीपण ऐकवायची. आमचं दोघींचं असंच चाललं होतं, अन् खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं.

एक दिवस लेकरांना कापड घ्यायला आम्ही दोघी शहागंजात गेलो. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. बाजाराच्या पुढं गल्लीत एक जुनं मोफत वाचनालय होतं, त्याच्या दारात फळा लावलेला. मी सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळं कुठं काय लिहिलेलं दिसलं की वाचायची खोड. मी चालता चालता मोठ्यानं वाचलं. गायनाचार्य भानुदासबुवा टाकळीकर यांच्या जीवनावरचा चित्रपट, पाच भाग, दर रविवारी दुपारी एक भाग, सगळ्यांना फुकट. वाचलं अन् पुढं निघाले. चार दुकानं गेल्यावर मागं बघते तर सासू गायब. परत आले तर ही बाई फळ्यापुढं उभी. अक्षर म्हणून ओळखता येत नव्हतं, तरी फळ्याकडं टक लावून बघायली.

मी म्हणलं, चला, बस जाईल. ती म्हणली, "सरू, परत वाच."

मी परत वाचलं. अंगावर खेकसायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणली, "ह्या बुवाच्या पिक्चरमधी कडूबाचे वडील हायेत."

मला वाटलं हिला ऊन लागलं. कडूबाचे वडील म्हणजे माझे सासरे सोनाजी. ते कडूबा अंगावर पीत होता तेव्हाच गेलेले. घरात त्यांचा फोटो नाही, कुठं नाव लिहिलेलं नाही, अन् ही म्हणती पिक्चरमधी हायेत. पण बसमधी बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. मी लग्न होऊन घरात आल्यापासून ती माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती.

झालं होतं असं. निजाम गेला ती पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं लोटली असतील, तेव्हा मुंबईचे पिक्चरवाले गावात आले. हे भानुदासबुवा मूळचे पैठणकडच्या टाकळीचे. तरणे असताना गाणं शिकायला म्हणून घर सोडलं, अन् हैद्राबादची रेल्वे धरायला औरंगाबादकडं पायी निघाले. वाटेत आमच्या माळावरच्या विहिरीपाशी तहानेनं बसले. तिथं धनगरांनी त्यांना पाणी पाजलं, भाकर दिली. धनगरानं मेंढरं पाण्यावर बोलवायला जी हाळी घातली ती बुवांच्या कानात बसली, अन् पुढं त्यातनंच त्यांनी एक चीज बांधली, नावाजलेली. पिक्चरवाल्यांना ती विहीर पाहिजे होती अन् मेंढरांसकट खरे धनगर पाहिजे होते. गावानं भिकनबाबाला अन् त्यांच्या सोनाजीला पुढं केलं. बुवा म्हणून एक मुंबईचा गोरा पोरगा बसवला होता.

पिक्चरमधी खायच्या भाकरी आत्याबाईच्या हातच्या. पहाटे उठून तिनं थापल्या, चटणी कुटली, कांदा फोडून दिला. पण बघायला ती गेली नाही. जाणार कशी? माळावर सासरा, गावचे सगळे बाप्ये, शहरातली माणसं. ती घरामागच्या काट्यांच्या कुपाटीआड उभी राहिली अन् नुसता आवाज ऐकला. नवऱ्यानं हाळी घातली ती तिला ऐकू आली. पिक्चरवाले जाताना सांगून गेले की तयार झाल्यावर गावात आणून दाखवू. गावानं लई दिवस वाट बघितली. ते कशाला येतेत.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर सोनाजी मेंढरं घेऊन गंगेकाठी उतरले. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतेत. तिकडं ताप भरला अन् दोन दिवसांत खेळ आटोपला. बरोबरच्यांनी तिथंच मूठमाती दिली अन् मेंढरं माघारी आणली. घरी आलं ते घोंगडं अन् काठी. हिनं तोंडसुद्धा बघितलं नाही.

मी म्हणलं, आत्याबाई, इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी. ती म्हणली, विचारलं कुणी? मग खिडकीकडं तोंड करून बसली. बस शहराबाहेर पडली तेव्हा परत बोलायला लागली, माझ्याकडं न बघता. पाच-सहा वर्षांचा संसार. त्यात आठ महिने ते मेंढरामागं. घरी असले तरी दिवसा घरात सासरा, दीर, आला-गेला. ते अंगणात आले की हिनं तोंड फिरवून आत जायचं, हीच रीत. रात्री जवळ आले ते दिवा मालवल्यावर. "हातानं ठाऊक हायेत गं," ती म्हणली. "डोळ्यानं नाय. जे काय थोडं बघितलं व्हतं त्येबी आता आठवंना. कडूबाचंच तोंड म्होरं येतंय."

गाव आलं तेव्हा कापडाची पिशवी मीच उचलली.

घरी आल्यावर कडूबाला सांगितलं. तो म्हणला, ज्याला कधी बघितलंच नाही त्याला मी काय ओळखणार. कूस बदलून झोपला. पण दुसऱ्या दिवशी शिफ्टला निघताना दारात थांबला अन् म्हणला, रविवारी तिला घेऊन जा, लेकरांचं मी शेजारी सांगून ठेवतो. एवढंच. सांगितलं ना, अर्धं गिळतो.

तर पहिल्या रविवारी आम्ही गेलो. पैठण गेटला उतरून गुलमंडी, सराफा करत शहागंज. तीच नव्या लुगड्यात पुढं अन् मी मागं धापा टाकत. वाचनालयाचा हॉल म्हणजे लांबडी खोली, भिंतीला पुस्तकांची कपाटं, एका टोकाला पांढरी चादर ताणलेली. माणसं म्हणशील तर रिटायर झालेले मास्तर, उर्दू पेपर वाचणारे दोन-तीन बुजुर्ग, गाण्याच्या क्लासच्या पोरी. आम्ही दोघी आत शिरलो तर सगळ्यांनी वळून बघितलं. वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब, पांढरी टोपी अन् जाड भिंगाचा चष्मा, स्वतः उठून आले. कुठून आलात विचारलं. गाण्याची आवड आहे का विचारलं. मी म्हणलं, लई. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ गाणंच चालू असतं. आत्याबाईनं मला कोपरानं ढोसलं. तात्यासाहेब खूश झाले अन् आम्हाला अगदी पुढं सतरंजीवर जागा दिली.

मशीन चालवायला बद्रीनाथ होता, वाचनालयातच नोकरीला. पिक्चरची रिळं मुंबईहून डब्यात बंद होऊन यायची अन् एक भाग दाखवून झाला की पुढं जालन्याला जायची. मी त्याला आधीच गाठलं, म्हणलं, भाऊ, मेंढरं कोणत्या भागात हायेत तेवढं बघून सांग, म्हणजे आमचे हेलपाटे वाचतील. तो म्हणला, ताई, मी तुमच्या संगंच बघतो, मला तरी कुठं ठाऊक.

मग तात्यासाहेबांचं भाषण. आता ह्यांचं भाषण म्हणजे काय सांगू, बुवा जन्मायच्या आधी आम्हाला डुलकी लागली. ते संपलं, बद्रीनाथनं खिडक्या लावल्या, मशीन खरखरायला लागलं, अन् चादरीवर टाकळीचं देऊळ दिसलं. आत्याबाई ताठ बसली. पहिला भाग बुवांच्या लहानपणाचा. बाप देवळात भजन म्हणायचा, आई जात्यावर बसायची, पोरगं मागं गुणगुणायचं. मेंढरू एक नाही. शेवटी बुवा घर सोडून रस्त्याला लागले अन् भाग संपला. मी म्हणलं, झालं काम, म्हणजे पुढच्या रविवारी रस्ता, अन् रस्त्यात आमची विहीर.

आठवडाभर ही बाई घरात नीट जेवली नाही. पुढच्या रविवारी बसलो तर बुवा एकदम हैद्राबादेत. रस्ता नाही, विहीर नाही, उस्तादाच्या दारात पाणी भरायलेत. मला असा राग आला की काय सांगू. आमचीच वाट खाऊन टाकली. पिक्चर संपल्यावर बद्रीनाथला धरलं. तो बिचारा म्हणला, ताई, मोठी माणसं म्हातारपणी आठवण काढत असतेत, तेव्हा दाखवतील. मला ते काही पटलं नाही. मी आत्याबाईला बसमधी म्हणलं, कापलं असंल त्यांनी, आता कशाला जीव लावून बसता. ती म्हणली, "भाग ऱ्हायलेत ना अजून? मंग तू गप."

गाण्याचं म्हणशील तर मला ते काही झेपायचं नाही. एक ओळ धरायची अन् तिलाच घोळवत बसायचं. पण आत्याबाई ऐकायला लागली. खरंच ऐकायला लागली. तिसऱ्या रविवारी बुवांची एक चीज लई वेळ चालली, अन् भाषा हिंदीसारखी पण हिंदी नव्हे, तर मध्यंतरात रीळ बदलताना हिनं सरळ तात्यासाहेबांना विचारलं की हा बुवा म्हणतोय काय. तात्यासाहेबांनी सांगितलं, एक बाई वाटेकडं डोळे लावून बसलीय, गावातल्या सगळ्यांची माणसं घरी आली, तिचंच आलं नाही. बुवांच्या पुष्कळ चिजा अशाच आहेत म्हणले. आत्याबाई म्हणली, बुवा तर बाप्या माणूस, त्याला हे कसं कळलं? तात्यासाहेब चष्मा पुसायला लागले. मग म्हणले, बुवांचं लग्न लहानपणीच झालेलं, बायको टाकळीला राहिली. बुवा हैद्राबादला नावारूपाला आले, निजामाच्या सरदारांकडं गायले, अन् पोलीस ॲक्शननंतर ते सगळे आश्रय संपले तेव्हा तंबोरा घेऊन गावी परतले. तोवर ती बाई गेली होती. त्या साऱ्या चिजा त्यानंतरच्या. आत्याबाईनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणली, "मंग लई उशिरा आला म्हणायचा बुवा."

तात्यासाहेबांनी बद्रीनाथला रीळ लावायची खूण केली. आम्ही परत सतरंजीवर बसलो.

चौथा भागही तसाच गेला. बुवा शिष्यांना शिकवायलेत, सत्कार होतायत, हार घालतायत. मेंढरांचा पत्ता नाही. त्या दिवशी परत येताना सराफ्यात आत्याबाई एका ओट्यावर टेकली अन् उठेना. मी पाणी आणून दिलं. म्हणली, पाय दुखायलेत. पाय कसले दुखतेत, बारा कोस चालणारी बाई ती. मी जवळ बसले. ती म्हणली, नसलंच तर काय करू गं मी. मी म्हणलं, असंल. खोटंच म्हणलं, मला कुठं ठाऊक होतं. पण तिचा हात धरून मी म्हणलं, असंल, त्यांनी कापलं असतं तर त्या भाकरी फुकट गेल्या नसत्या का. त्यावर ती हसली तेवढी.

शेवटच्या रविवारी हॉल भरलेला. तात्यासाहेबांनी भाषण आवरतं घेतलं. चादरीवर बुवा दिसले, खरे बुवा, थकलेले, खाटेवर बसलेले. कुणीतरी त्यांना विचारायलं की अमकी चीज कशी सुचली. बुवा हसले, लांब बघितलं अन् म्हणले, मी औरंगाबादची वाट चालत होतो. अन् माळ आला.

आमचाच माळ. मी लग्न होऊन आले तेव्हा होता तसाच, बाभळी, खडकाळ उतार, मधी विहीर. कंपनीची भिंत नाही, काही नाही. माझ्या मांडीवर आत्याबाईनं हात रोवला, नखं रुतली. आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या. मग डाव्या बाजूनं भिकनबाबा आले. मी त्यांना अखेरच्या दिवसांत बघितलेलं, वाकलेले, पण इथं ताठ, डोक्याला भलं थोरलं पागोटं, मिशा पिळलेल्या. ते येऊन विहिरीच्या काठावर डाव्या अंगाला उभे राहिले. त्यांच्या मागून मेंढरांचा लोंढा, अन् उजवीकडं एक तरणा गडी, खांद्यावर कोकरू घेतलेला. त्याचा खांदा बघितला, कडूबाच उभा होता. त्यानं तोंडाला हात लावला अन् हाळी घातली. मी त्यांचं तोंड बघणार, तेवढ्यात आधी सासूला म्हणावं म्हणून वळले, आत्याबाई, बघा.

आत्याबाईनं नाकापर्यंत पदर ओढला होता अन् मान गुडघ्यात घातली होती.

मी तिला हलवलं. ती मान वर करीपर्यंत बुवा परत खाटेवर आले होते.

"आलते का?" ती म्हणली.

मी म्हणलं, आलते की, समोर उभे होते, तुम्ही खाली काय बघत बसलात? ती माझ्याकडं बघायलाच लागली, जसं काही मीच वेड्यासारखं बोलायले. म्हणली, "मामाजी व्हते ना म्होरं."

आता ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांना सांगते. जुन्या बायांच्या वेळी सासरा, म्हणजे मामाजी, समोर आला की सुनेनं पदर पुढं ओढायचा अन् खाली बघायचं. बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, अन् सासऱ्याच्या देखत नवऱ्याकडं बघायचं तर नावच नको. भिकनबाबा जाऊन वर्षं लोटली तरी तिच्या मानेला ते ठाऊक नव्हतं. भिकनबाबा दिसले, मान खाली गेली. अन् ज्याच्यासाठी चितेगावहून हेलपाटे घातले तो माणूस तिच्या समोर येऊन हाळी घालून गेला.

माझा तोल सुटला. मी तिथंच ओरडले. म्हणलं, मामाजी मेले, त्यांचं श्राद्धसुद्धा आता कुणी घालत नाही, अन् तुम्ही चादरीवरच्या मामाजीला लाजता? माझा आवाज मुळात मोठा. सगळा हॉल वळला. तात्यासाहेबांनी मशीन बंद करायला लावलं, दिवे लावले, काय झालं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. भाकरी, कुपाट, गंगाकाठ, घोंगडं. गाण्याची आवड नाही हेसुद्धा सांगितलं. आत्याबाई पदराआड बसून होती.

मागून कुणीतरी म्हणलं, आम्ही बुवांसाठी आलोय, पुढं चालू करा. मी म्हणलं, तुमचा बुवा सबंध पाच भाग हाय, आमचा माणूस एवढुसा हाय. तात्यासाहेब बद्रीनाथकडं बघून म्हणले, मागं घे. बद्रीनाथ म्हणला, रीळ जुनं आहे, कडा फाटलेल्या, उद्या जालन्याला द्यायचंय. पण बोलता बोलताच त्यानं हातानं रीळ मागं फिरवायला सुरुवात केली.

परत अंधार झाला. आत्याबाईनं पदर मागं सारला, मुठी आवळल्या अन् जबडा घट्ट केला. ह्या वेळी मी चादरीकडं बघितलंच नाही, हिच्याकडंच बघत होते. घंट्या वाजल्या. तिचे डोळे उघडे होते. मग भिकनबाबा आले असतील, कारण तिचा हात आपोआप वर गेला, पदर पुढं आला अन् मान खाली गेली. मी तिची हनुवटी धरून वर करायला बघितली. दगडाची झाली होती ती मान. हाळी आली, तिच्या डोक्यावरनं गेली अन् बंद झाली.

दिवे लागले तेव्हा ती रडायली होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, भिकनबाबा गेले तेव्हासुद्धा नाही. "मान ऐकंना गं," ती म्हणली. "म्या लई सांगितलं तिला. ऐकंना."

तात्यासाहेब खाली सतरंजीवर येऊन बसले. त्यांनी समजावलं, बाई, ते चित्र आहे, त्याला तुम्ही दिसत नाही. ती म्हणली, चित्र असलं तरी मामाजीच हायेत ना. बद्रीनाथ म्हणला, रीळ एका जागी उसवलंय, आणखी एकदा लावतो, मग नाही, तुटलं तर माझी नोकरी जाईल. आत्याबाई म्हणली, ऱ्हाऊ दे बाबा. नशिबात नसलं तर काय करायचं. चल सरू, बस जाईल.

ती उठायला लागली. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला अन् इतकी माया आली की दोन्हीतलं काय ते कळेना. मी तिला खांदा धरून खाली बसवलं. बद्रीनाथला म्हणलं, लाव.

मी उठले अन् चादरीजवळ गेले. डाव्या अंगाला, जिथं भिकनबाबा येऊन उभे राहायचे तिथं. मशीनचा उजेड अंगावर येईल अशी उभी राहिले, हॉलकडं तोंड करून. खांद्यावरचा पदर सोडला अन् दोन्ही हातांनी रुंद पसरून डोक्याच्या वर धरला. एवढ्या बाप्यांपुढं मी कधी अशी उभी राहिले नव्हते. उजेड असा डोळ्यांत आला की समोरचं काहीच दिसंना, ना माणसं, ना सासू.

घंट्या वाजायला लागल्या.

मी म्हणलं, "आत्याबाई, मामाजी माझ्या मागं हायेत. त्यांना आता तुम्ही दिसत नाही. बघा."

मेंढरं ओरडायली. हात दुखायला लागले तरी मी पदर खाली येऊ दिला नाही. मग हाळी आली. माझ्या पाठीमागून, लांबच लांब, तरण्या गळ्याची. हाळी संपली. मला वाटलं गेली तिची मान खाली, तिसऱ्यांदा गेली.

तेवढ्यात माझ्या पायापासनं आवाज आला. मी तो आवाज ओळखला नाही आधी, इतका हलका, इतका कवळा. कुपाटीआड उभ्या राहिलेल्या पोरीचा असावा तसा.

"सरू," ती म्हणली, "हसायलेत गं."

मागं मेंढरं निघून गेली असतील, बुवा खाटेवर आला असंल. मला काय दिसत होतं. मला बस म्हणून कुणी सांगितलं नाही, अन् मीपण पदर धरून तशीच उभी राहिले.